आई तुरुंगात, मुलं मावशीकडे: नातं टिकवायचं कसं

ताई, तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे दुसऱ्या कुणी हे वाचलं तरी धागा लागेल. तुमची धाकटी बहीण चार महिन्यांपासून बडोद्याच्या मध्यवर्ती तुरुंगात आहे. पतपेढीच्या पैशांचं प्रकरण, खटला अजून सुरू व्हायचाय. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वीच वेगळा झाला. अकरा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा तुमच्याकडे, दांडिया बाजारात. मुलीला सांगितलंय की आई मुंबईला नोकरीला गेली. तुमच्या आई म्हणतात, पोरांना तुरुंगाची पायरी दाखवायची नाही. आणि कुणीतरी सुचवलंय की धाकट्याला आत आईजवळच ठेवता येईल. काय करावं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी सयाजीराव विद्यापीठाच्या समाजकार्य शाखेत शिकले आणि गेली पंचवीस-सव्वीस वर्षं कैदी बायकांच्या घरच्यांबरोबर काम करते आहे. वकील नाही. कायद्याचं जे सांगेन ते वकिलाला विचारून पक्कं करा. मुलांचं जे सांगेन ते मात्र डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पहिलं म्हणजे मुलीला खरं सांगा, आणि या आठवड्यातच सांगा. दांडिया बाजारातल्या वाड्यात चार महिने कुठली गोष्ट लपून राहते? रावपुऱ्यात कुणाच्या घरी काय शिजलं ते मांडवीपर्यंत कळतं. माझा अनुभव असा की दहा वर्षांवरच्या मुलाला आठवडाभरात अंदाज येतो. त्यानंतर ते मोठ्यांना सांभाळून घेण्यासाठी फसल्याचं सोंग करतं. तुमची भाची आईचा मुंबईतला पत्ता मागत नसेल, फोन का येत नाही म्हणून हट्ट करत नसेल, तर तिला बहुधा कळलेलंच आहे आणि ते दुःख ती एकटीच सांभाळते आहे.

सांगायचं कसं? थोडं आणि सरळ. "आई इथेच, जेलरोडवरच्या तुरुंगात आहे. पैशांच्या कामात गैर केलं असं पोलीस म्हणतात, आई नाही म्हणते, कोर्ट ठरवेल. त्याला वेळ लागेल. तुझ्यामुळे यातलं काहीच झालेलं नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. वेगळ्या झालेल्या आईबापांच्या मुलांना सगळ्याचं खापर आपल्यावर फोडायची सवय असते. निर्दोष सुटेलच, दिवाळीपर्यंत येईलच, असं वचन देऊ नका. मग ती प्रश्न विचारेल. मोठ्यांना वाटतं, मूल विचारणार आईनं काय केलं. मुलं विचारतात, तिथे पंखा आहे का, तिला मारतात का, रात्री दिवा बंद करतात का. माहीत नसेल तर "आपण तिलाच विचारू" म्हणा. पहिल्या भेटीचं निम्मं बोलणं तिथेच तयार होतं.

चार वर्षांच्या मुलाशी बोलतानाही "तुरुंग" हाच शब्द वापरा. तो शब्द आपल्याला बोचतो, त्याला नाही. त्याच्यासाठी रेल्वे स्टेशन, दवाखाना, तुरुंग सगळं सारखंच.

आता भेट. तुमच्या आईंचं म्हणणं मला समजतं आणि या बाबतीत मी स्वतः एकदा चुकले आहे. कामाला लागून तीन-चार वर्षं झाली होती. एका कुटुंबाला मी सांगितलं, प्रकरण जरा निवळू द्या, मग मुलांना न्या. प्रकरण निवळलं नाही. पहिल्या भेटीला दोन वर्षं लागली, आणि धाकटी मुलगी जाळीपलीकडच्या बाईला "नमस्ते आंटी" म्हणाली. त्या बाईनं पुढचे सहा महिने भेटच नको म्हटलं. तेव्हापासून मी कुणाला थांबायला सांगत नाही.

पण तयारी करून न्या. मुलीला आधीच सांगा की दारावर आधार कार्ड पाहतील, झडती घेतील, बाई पोलीसच घेईल, पिशवी बाहेर ठेवावी लागेल. मध्ये काच किंवा जाळी असेल, इंटरकॉमच्या रिसीव्हरवर बोलावं लागेल, हात लावता येणार नाही. वेळ मोजकी असेल, आवाज फार असेल, कारण शेजारी आणखी चार घरं एकाच वेळी बोलत असतील. यातलं आधी माहीत नसलं तर मूल झडतीलाच घाबरतं आणि आईसमोर दगड होऊन उभं राहतं. रिसीव्हर एक आणि मुलं दोन, तेव्हा आधी कोण बोलणार हे घरीच ठरवा. आधी धाकटा, कारण तो थांबू शकत नाही. मग मुलगी, आणि तिची वेळ तिचीच असू द्या. तुमची वकिलाची, पैशांची, जामिनाची बोलणी त्यात घुसवू नका. त्यासाठी वेगळ्या दिवशी एकट्या जा. मी कितीतरी भेटी अशा पाहिल्यात की मूल नटूनथटून आलंय आणि पंधरा मिनिटं मामा नि आई शपथपत्राबद्दल बोलतायत.

मूल गप्प राहिलं तर राहू द्या. "बोल ना आईशी, बोल की" असं मागून ढोसू नका. आणि बहिणीला आधीच कळवा की पहिल्या दोन मिनिटांत तू रडणार हे आम्हाला माहीत आहे, चालेल, पण मग डोळे पूस आणि तिला शाळेचं विचार. आई पूर्ण वेळ रडली तर मुलाला वाटतं, मी आले म्हणून ती रडते. पुढच्या वेळी ते यायचं टाळतं आणि आपण म्हणतो, बघा, मुलांना तुरुंग सोसत नाही.

दाखवायला काहीतरी न्या. काय नेता येईल ते दारावर विचारूनच, कारण वही चालते की फक्त सुटा कागद, हे ज्याच्या त्याच्या हातात असतं. एक सात वर्षांची पोर मला आठवते. तिचा पुढचा दात पडला होता आणि तो तिनं काडेपेटीत कापूस घालून आणला होता. झडतीच्या बाईनं विचारलं, "आ शुं छे?" पोरीनं तोंड उघडून खिंडार दाखवलं. बाईनं काडेपेटी उघडली, बंद केली, म्हणाली, काडेपेटी जाणार नाही. मग दात रुमालात बांधून दिला. काचेला दात लावून ती पोर पूर्ण वेळ तो कसा पडला तेवढंच सांगत होती, गाजर खाताना की आधीच हलत होता वगैरे. केसचं कुणी काही बोललं नाही. त्या आईनं नंतर मला सांगितलं की आठ महिन्यांतली ही पहिली भेट, जिच्यानंतर तिला रात्री झोप लागली.

असं का, याचा मी पुष्कळ विचार केलाय, आणि तुम्हाला एवढं एकच सांगायचं असतं तर हेच सांगितलं असतं. तुरुंगातल्या बाईचं आईपण भेटींच्या संख्येवर टिकत नाही. तिच्याकडे आईचं काम राहिलं तर टिकतं. मुलाचा कुठला दात पडला, कुणाशी भांडण झालं, गणिताला कोण सर आले, हे माहीत असणं हे काम आहे. त्यातलं काही ठरवणं हे त्याहून मोठं काम. बाहेरचे लोक प्रेमापोटीच हे सगळं तिच्यापासून लपवतात. "तिला आत कशाला त्रास?" म्हणतात. मुलाला ताप आला, सांगत नाहीत. शाळा बदलली, सांगत नाहीत. वर्षभरात ती बाई फक्त रडण्यासाठी आणि लाडू पाठवा म्हणण्यासाठी उरते.

म्हणून ठरवायच्या गोष्टी तिच्याकडे न्या, बारीकसारीकसुद्धा. केस कापायचे का वाढवायचे. सातवीत संस्कृत घ्यायचं का. गणपतीच्या आरासीला यंदा काय करायचं, उकडीच्या मोदकांची पारी तिची चांगली होते तर पाणी किती घालायचं. निर्णय घ्यायला आठवडा लागला तर लागू द्या. मुलीला मात्र कळायला हवं की हे आईनं ठरवलं. मुलगी नाक मुरडेल, आईवर चिडेल, "तिला काय कळतंय तिथे बसून" म्हणेल. चिडू द्या. आईवर चिडता येणं हेही नातंच आहे.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. भाचीचं वय अकरा आहे. तिची पाळी आज ना उद्या सुरू होईल. माझ्या ओळखीच्या एका कैदी बाईला आपल्या मुलीचं हे सहा महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्या कैदी बाईच्या नातलगाकडून. तिच्या बहिणीनं घरी सगळं नीट केलं होतं, मुलीला समजावलं होतं, पॅड आणून दिले होते, काही कमी केलं नव्हतं. पण शिक्षा ऐकताना न रडलेली ती बाई त्या दिवशी दुपारी जेवली नाही. तेव्हा आत्ताच बहिणीला सांगा, त्या दिवसासाठी मुलीला एक पत्र लिहून ठेव. पाकीट बंद करून कपाटात ठेवा, वेळ आली की मुलीच्या हातात द्या. तुम्ही वाचू नका.

पत्रांचं आणखी थोडं. आजकाल कुणी लिहीत नाही, पण तुरुंगाच्या बाबतीत पत्राइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. ते पुन्हा वाचता येतं, उशीखाली ठेवता येतं. जाताना-येताना ते अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जातं, तेव्हा केसचं त्यात काही लिहू नका. अक्षर मोठं आणि सुटं काढा. मराठी पत्र असलं तरी देवनागरी असल्यामुळे हिंदी वाचणाऱ्यालाही ते चाळता येतं आणि अडून राहत नाही. पत्रांना क्रमांक द्या, म्हणजे सातवं पोचलं आणि सहावं नाही हे कळतं. बहिणीला सांगा की दोन्ही मुलांना वेगवेगळी पत्रं लिही. "सोनू-मोनूला आशीर्वाद" अशा सामाईक पत्रातून कुणालाच काही मिळत नाही. धाकट्याला लिहिता येत नाही, तर त्याची उंची पाठवा. वर्तमानपत्राची लांब पट्टी त्याच्या टाचेपासून डोक्यापर्यंत कापायची, घडी घालून पाकिटात टाकायची. दर दोन महिन्यांनी एक. एका आईनं अशा चार पट्ट्या जपल्या होत्या आणि बराकीतल्या बायकांना जमिनीवर पसरून दाखवायची, इथून इथवर वाढला म्हणून.

फोनसाठी तुमचा नंबर आधी नोंदवून पडताळून घ्यावा लागतो, ते काम आजच करा. फोनची वेळ थोडी असते आणि ती आजीच्या गुडघ्यांच्या चौकशीत संपते. बहिणीला मुलांची वेळ कळवा, शाळा-ट्यूशन सोडून ती घरी असतात ती. ई-मुलाकातही आहे. राष्ट्रीय तुरुंग माहिती पोर्टलवर कैद्याची आणि तुमची माहिती भरायची, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा, मंजुरी आली की व्हिडिओवर भेट. 2020 मध्ये करोनात भेटी बंद झाल्या तेव्हा अनेक घरांना याचाच आधार होता. धाकट्यासाठी ती बरी, झडती नाही, रांग नाही. पण सगळ्या भेटी मोबाइलवर उरकू नका. रक्षाबंधन, भाऊबीज अशा दिवशी बऱ्याच तुरुंगांत समोरासमोर भेटू देतात. तुमच्याकडे काय होतं ते महिनाभर आधी विचारून ठेवा. तो एक दिवस स्पर्शाचा असतो, तो चुकवू नका.

भेटीचा दिवस कालनिर्णयवर मुलीच्या हातानं लिहून ठेवा. महिन्याला चारदा कबूल करून दोनदा जाण्यापेक्षा दोनदा सांगून दोनदा गेलेलं बरं.

आता धाकट्याला आत ठेवण्याचं. कायद्यानं जमतं, हे खरं. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये सगळ्या राज्यांना सूचना दिल्या. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकतं, त्याला वेगळा आहार, औषधपाणी, पाळणाघर, बालवाडी मिळायला हवी, त्याला कैद्यासारखं वागवायचं नाही. सहा पूर्ण झाल्यावर मात्र त्याला आत ठेवता येत नाही. आईच्या इच्छेनुसार योग्य माणसाकडे सोपवायचं किंवा समाजकल्याण खात्याच्या संस्थेत, आणि संस्थेत असेल तर आठवड्यातून निदान एकदा आईची भेट घडवायची. बाळाचा जन्मच त्या काळात झाला तर दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहायचा नाही, हेही त्याच निकालात आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 च्या शेवटी देशभरात 1,537 कैदी बायकांबरोबर 1,764 मुलं तुरुंगात राहत होती. त्यातल्या बहुतेक आया तुमच्या बहिणीसारख्याच, म्हणजे खटला न संपलेल्या. इकडे गुजरातेत म्हणतात तसं, "काच्या कामाच्या" कैदी. त्या वर्षी एकूण कैदी बायका 23,772 होत्या. बाकीच्यांची मुलं कुठे होती, हे त्या तक्त्यात नाही. ती तुमच्यासारख्यांच्या घरी असतात.

तर ठेवावं का? तुमच्या बाबतीत माझं उत्तर नाही असं आहे. मूल अंगावर पीत असतं तर मी आत ठेवा म्हटलं असतं. बाहेर सांभाळायला कुणीच नसतं, तरीही तेच म्हटलं असतं. पण तो चार वर्षांचा आहे, बालवाडीत जातो, आजीच्या कुशीत झोपतो, बहिणीचा हात धरून मांडवीपर्यंत फिरतो. त्याच निकालात नोंद आहे की फक्त बायकांच्या विभागात वाढलेले मुलगे बायकांसारखं बोलू लागतात. मराठी घरातल्या पोराच्या तोंडून "मी आले, मी जेवले" ऐकलं की याचा अर्थ चटकन कळतो. रस्त्यावरची जनावरं पाहून ही मुलं दचकतात, असंही त्यात म्हटलंय. आणि दोन वर्षांत, सहा पूर्ण झाल्यावर, त्याला पुन्हा एकदा आईपासून तोडावं लागेल, तेही त्याला सगळं कळायला लागल्यावर. शिवाय बहीण-भावाची जोडी आत्ता फोडू नका. या घरात तेवढंच एक न हललेलं आहे.

बहिणीला वाटेल की तुम्ही तिचं मूल अडवताय. म्हणून हे तिच्याशी बोलून ठरवा, तिला कळवून मोकळं होऊ नका.

कोर्टाचं थोडक्यात. पूर्वी तारखेला न्यायमंदिरात कैद्यांना आणत, तेव्हा व्हरांड्यात, जाप्त्याच्या, म्हणजे बंदोबस्ताच्या, पोलिसांची मनधरणी करून, दोन मिनिटं लेकराला मांडीवर घेता यायचं. 2018 पासून कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं आणि आता पुष्कळ तारखा तुरुंगातूनच व्हिडिओवर होतात. कारभाराला सोयीचं, पण त्या व्हरांड्यातल्या भेटी गेल्या. तेव्हा तारखेच्या भरवशावर मुलांना शाळा बुडवून नेऊ नका, आधी वकिलाला विचारा की प्रत्यक्ष आणणार आहेत का.

वकिलाला तीन गोष्टी विचारा. एक, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा, तिच्या कलम 480 मध्ये अजामीनपात्र गुन्ह्यातही स्त्रीला जामिनाचा विचार वेगळ्यानं करता येतो. हा हक्क नाही, न्यायालयाची मर्जी आहे, पण दोन मुलांचा सांभाळ करणारी ती एकटीच होती हे कागदपत्रांसकट अर्जात मांडलंय का? "तिला मुलं आहेत" एवढ्या ओळीनं भागत नाही. शाळेचे दाखले, नवऱ्यापासून वेगळं राहत असल्याचे कागद जोडावे लागतात. दोन, त्याच संहितेच्या कलम 479 प्रमाणे, गुन्हा फाशी किंवा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल तर, आधी कधीच शिक्षा न झालेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला की सुटकेचा विचार होतो, मात्र एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले चालू असतील तर ही वाट बंद होते. पतपेढीच्या प्रकरणांत ठेवीदारांच्या वेगवेगळ्या तक्रारी असतात, म्हणून हे नीट तपासा. तीन, मुलाचं ऑपरेशन, घरातला मृत्यू अशा वेळी वचगाळ्याचा, म्हणजे तात्पुरता, जामीन मागता येतो. जामीन मिळूनही हमीदार नाही म्हणून कुणी आत अडकलं, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं. गरीब कैद्यांसाठी केंद्राची 2023 ची मदत योजना आहे, त्यात खटला चालू असलेल्यांच्या जामिनाच्या रकमेसाठीही तरतूद आहे. पॅरोल आणि फर्लोचं, म्हणजे तुरुंगातून मिळणाऱ्या रजेचं, कुणी सांगितलं असेल तर ते शिक्षा झालेल्यांसाठी असतं. आपल्याकडे अजूनही जुन्या मुंबई राज्याचे 1959 चे नियम चालतात. तुम्हाला त्याची आज गरज नाही, आणि पडू नये.

कागदपत्रांचंही बघून ठेवा. शाळा, दवाखाना, बँक सगळीकडे पालकाची सही लागते. मुलांचा सांभाळ तुमच्याकडे सोपवल्याचं संमतीपत्र बहिणीकडून लिहून घ्या, तिची सही तुरुंग अधीक्षकांच्या साक्षांकनासह. कायद्यानं वडील नैसर्गिक पालक आहेत. दोन वर्षं फिरकले नसले तरी उद्या येऊन मुलं मागू शकतात, तेव्हा हे पत्र हाताशी असलेलं बरं. वाद झालाच तर तो कुटुंब न्यायालयात जातो. आणि खर्चाची ओढ असेल तर जिल्हा बाळ सुरक्षा एकममध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात, जाऊन मिशन वात्सल्य या मुलांसाठीच्या सरकारी योजनेतल्या स्पॉन्सरशिपची चौकशी करा. दरमहा 4,000 रुपये एका मुलामागे, उत्पन्नाची अट आहे. मागताना लाजू नका, ते तुमच्या बहिणीसाठी नाही, मुलांसाठी आहे.

शाळेत वर्गशिक्षिकेला, फक्त एकीला, सांगा. सगळ्या शाळेला नको.

आता तुमच्या आई. त्यांचं दुःख वेगळं आहे, चारचौघांत हळदीकुंकवाला जायची चोरी झालेली आहे. त्यांना रागवू द्या, पण मुलांसमोर नाही. आणि एक वाक्य घरातून कायमचं हद्दपार करा: "नीट जेव, नाहीतर पोलीस येऊन घेऊन जाईल." आपल्या प्रत्येक घरात ते सहज बोललं जातं. ज्या पोरानं पोलिसांना खरोखरच आईला नेताना पाहिलंय, ते त्या रात्री झोपत नाही. आजीला तुरुंगात भेटीला जायचं असेल तर मुलांशिवाय न्या. मायलेकींना एकमेकींवर ओरडायला जागा हवी, आणि ती मुलांच्या वाट्याच्या मिनिटांतून काढायची नाही.

सुटून आल्यावरचं वेगळं लिहीन कधीतरी. आज एवढंच लक्षात असू द्या की धाकटा तुम्हाला "आई" म्हणायला लागेल, कदाचित लागलाही असेल. त्याला दटावू नका. "मी मावशी-आई, तुझी आई तिकडे आहे" असं म्हणत राहा, हसत, दर वेळी.

मुलांना नेण्याआधी मात्र एकदा तुम्ही एकट्या जा. बहिणीला सांगा की मुलीला खरं सांगितलंय किंवा सांगणार आहोत, म्हणजे ती मुंबईची गोष्ट पुढे चालवणार नाही. मग तिला दोन गोष्टी विचारा: धाकट्याला झोपवताना ती कुठली गोष्ट सांगायची, आणि मुलीच्या केसांत उवा झाल्या की काय लावायची. ती अडखळेल, मग सांगत सुटेल. निघताना मुलीसाठी तिच्याकडून एक प्रश्न घेऊन या, शाळेचा, मैत्रिणीचा, कसलाही, ज्याचं उत्तर फक्त मुलीलाच माहीत असेल. घरी आल्यावर तो मुलीला सांगा आणि तिच्या हातात कागद-पेन द्या.